पाहुण्याला रिकामं पाठवणारी काहील

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे आणि सध्या उपडी पडले आहे. आजऱ्याच्या पुढे डोंगर सुरू होतात, तिथे एका ओढ्याच्या काठी जांभळीच्या झाडाखाली माझा मुक्काम आहे. जांभळं पाठीवर टपटप पडतात, कोंबड्या माझ्यावर चढून ऐट मारतात आणि पावसाळ्यात बेडूक माझ्या पोटाखाली येऊन बसतात. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून चुकचुकतात. एवढी मोठी काहील गंजून चालली म्हणतात. मला त्यांची कीव मुळीच नको आहे. मला उपडी कुणी केलं आणि कशासाठी, हे कळलं तर तेसुद्धा मला सरळ करायला धजणार नाहीत.

काहील म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. एकदा शाळेची सहल गुऱ्हाळ बघायला आली होती, तेव्हा एका मुलीने विचारलं होतं की गूळ झाडाला कधी लागतो. मी तिच्यावर रागावले नाही. तर ऐका. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भली थोरली, पसरट, लोखंडी कढई. जमिनीत खोल भट्टी खणलेली असते, तिला चुलवाण म्हणतात. त्या चुलवाणावर मी बसते. माझ्या एका अंगाला माणूसभर खोल खड्डा असतो. त्या खड्ड्यात बसून एक जण भट्टीच्या तोंडात चिपाडं ढकलत राहतो. चिपाड म्हणजे रस काढून उरलेला उसाचा वाळका चोथा. वर माझ्या काठाशी उभा असतो तो गुळव्या. रस कधी ढवळायचा, वर येणारी मळी कधी काढायची आणि काहील कधी उतरवायची, हे ठरवणारा तो राजा.

माझा जन्म कोडोलीचा. तिथल्या लोहारांनी जाड पत्रे ठोकून, वाकवून, रिव्हेट मारून मला घडवलं. ठोकताना ते इतका आवाज करत की शेजारच्या घरातली माणसं एकमेकांशी खुणेनं बोलत. मला चार दणकट कड्या बसवल्या. पहिल्यांदा चुलवाणावर बसवलं तेव्हा मला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि खालून जाळ आला. तो जाळ मला अजून आठवतो. आधी वाटलं, आता आपण वितळणार. मग रस खळखळला, वर पिवळा फेस आला, सगळ्या रानात वास सुटला आणि मला माझ्या जन्माचं कारण कळलं. त्या दिवसापासून मला कामाचा गर्व झाला, आणि तो आजही पुरता उतरलेला नाही.

पुढे कोडोलीकडची गुऱ्हाळं एकेक करून थंड झाली. ऊस ट्रॉल्यांत भरून कारखान्याकडे जाऊ लागला. मलाही एक दिवस ट्रॅक्टरवर चढवून इकडे आणलं, अण्णाप्पांच्या गुऱ्हाळावर. माझ्याबरोबर माझा गुळव्या आकारामही आला. तो म्हणायचा, बायको दुसऱ्याच्या घरी पाठवीन, पण काहील एकटी पाठवणार नाही. हे त्यानं बायकोसमोर कधी म्हटलं नाही, एवढी अक्कल त्याला होती.

आकाराम उकळत्या रसाकडे बघून सगळं सांगायचा. बुडबुडे मोठे आले की म्हणायचा, अजून कच्चा आहे. ते लहान होऊन दाटले की सावध व्हायचा. मग थेंबभर पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळायचा, ती माझ्या काठावर मारायचा, आणि टणकन आवाज आला की "उतरा" म्हणायचा. त्याच्या हातून आधण, म्हणजे काहिलीतला गुळाचा एक घाणा, कधी करपला नव्हता. याचा त्याला माझ्याहून जास्त गर्व होता.

अण्णाप्पांबद्दल सांगायचं तर माणूस आडदांड, आवाज त्याहून आडदांड. त्यांच्या गुऱ्हाळाची एक रीत होती. रीत त्यांच्या वडिलांपासूनची. वाटेनं जाणारा कुणीही असो, गुऱ्हाळावर पाय टाकला की त्याला तांब्याभर रस आणि मूठभर गरम गूळ मिळालाच पाहिजे. ओळखीचा असो नाहीतर अनोळखी, तो पाहुणा. "पावणं, या की, रस घ्या" ही हाक डोंगरापर्यंत ऐकू जायची. अण्णाप्पांच्या पत्नी शांतव्वा कमी बोलायच्या आणि जास्त बघायच्या. रोज सकाळी चुलवाण पेटायच्या आधी त्या येऊन मला आणि चुलवाणाला हळदकुंकू लावत. दिवसभर कामाच्या रगाड्यात असल्या तरी हे एक काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

आता तो दिवस सांगते. थंडी होती, नुकतं उजाडत होतं, ओढ्यावर धुकं साचलं होतं. आदल्या संध्याकाळी आकाराम दमला होता, म्हणून त्यानं मला घासायचं काम सकाळवर टाकलं होतं. काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा दाट पाक. तिचा पापुद्रा माझ्या काठाला सुकून चिकटला होता. मला आधी काही दिसलं नाही. आधी मी थरथरले.

मित्रांनो, ही गोष्ट नीट ऐका, कारण ती फक्त मलाच ठाऊक आहे. वाऱ्यानं पत्रा वाजतो तसं ते नव्हतं. भुईतून आणि हवेतून एक खोल गुणगुण येत होती, इतकी खोल की माणसाच्या कानाला ती लागतच नाही. माझ्या रिव्हेटांना मात्र ती लागली. मी एवढी मोठी, पोकळ, आतून गुळगुळीत, त्यामुळे मी आख्खी कान झाले होते. ती गुणगुण जवळ आली, थांबली, आणि धुक्यातून तो बाहेर आला.

टस्कर. मोठ्या सुळ्यांचा, एकटा नर हत्ती. तुम्ही चित्रात बघितलेला हत्ती विसरून जा. हा डोंगरातून सुटून आलेला डोंगराचा तुकडा होता, आणि तरी त्याच्या पावलाचा आवाज येत नव्हता. चिपाडाच्या ढिगावर मांजर चालली तरी मला कळतं, पण हा एवढा देह येताना एक काडी मोडली नाही. तो माझ्याशी येऊन उभा राहिला. मग सोंड खाली आली.

सोंडेच्या टोकाला बोटासारखा एक मऊ भाग असतो. त्यानं ते बोट माझ्या काठावरून फिरवलं, एकेका रिव्हेटावर थांबवलं, आत उतरवलं. मध्येच फूत्कार टाकून त्यानं माझ्या काठावरची राख उडवली आणि पुन्हा वास घेतला. मला आजवर फावड्यांनी, झाऱ्यांनी, घासण्यांनी हात लावला होता. इतक्या हळुवारपणे मला कुणी तपासलं नव्हतं. मला घडवणारा लोहारही एवढं नीट बघत नव्हता. माझी छाती भरून आली, हे मी सरळ सांगते. मग त्यानं तो पापुद्रा सोलून तोंडात घातला आणि त्याच्या पोटातून एक घरघर आली.

तेवढ्यात शांतव्वा हळदकुंकवाची वाटी घेऊन आल्या. चिपाडाच्या ढिगाला वळसा घालून त्या समोर आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. हत्तीनं चावणं थांबवलं. त्याचे कान दोन्ही बाजूंना ताठ पसरले आणि तसेच राहिले. सगळं इतकं गप्प झालं की धुकंसुद्धा हलेना. शांतव्वा पळाल्या नाहीत. पुढे सगळे त्यांच्या धाडसाचं कौतुक करत तेव्हा त्या म्हणत, धाडस कसलं, पायच उचलेनात. थोड्या वेळानं कान सैल पडले आणि हळू हलू लागले. त्यानं माझा काठ शेवटपर्यंत स्वच्छ केला, वळला आणि आला तसा निघून गेला. शांतव्वांनी वाटीतलं हळदकुंकू मला न लावता त्याच्या पावलाच्या ठशावर वाहिलं.

अण्णाप्पांना हे कळलं तेव्हा त्यांना भीती वाटली नाही, त्यांना अपमान वाटला. "बाप्पा सोताच्या पायानं दारात आला," ते बायकोला म्हणाले, "आनि तू त्याला गूळबी दिला न्हाईस व्हय? खरवडून खाऊन गेला त्यो. आपल्या गुऱ्हाळावर पावणा खरवडून खातो?"

दुसऱ्या दिवसापासून शेवटचं आधण झालं की माझ्यात थोडी काकवी शिल्लक ठेवायची, वर चांगल्या गुळाचा एक मोठा गोळा, असा हुकूम सुटला. आणि खरंच, थोड्या दिवसांनी मी पुन्हा थरथरले.

मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. तो यायचा, माझ्यातून खायचा, जायचा. गावात बातमी पसरली. लोक सकाळी सकाळी लांबच्या बांधावर हात जोडून उभे राहू लागले. आणि आकारामला नवीनच काम मिळालं. ज्याला उकळता रस कळतो त्याला हत्ती काय कळणार नाही, असं त्याचं म्हणणं. हत्तीनं सोंड उंच केली की तो सांगायचा, आशीर्वाद दिला. कान पसरून स्तब्ध उभा राहिला की सांगायचा, आपलं बोलणं ऐकतोय. पुढचा पाय अधांतरी झुलवू लागला की म्हणायचा, बघा बघा, खुशीत नाचतोय. लोक माना डोलवत. मीसुद्धा डोलवली असती, पण काहिलीला मान नसते.

स्वप्नाली आली ती याच सुमाराला. ती वनरक्षक, मूळची मुरगूडची, मोटारसायकलवरून डोंगर पालथे घालणारी मुलगी. तिनं ठसे बघितले, मला आतून बोट लावून चाटून बघितलं, आणि कपाळाला हात लावला. मग आकारामला शेजारी बसवून तिनं हळूहळू सांगितलं. सोंड उंच करणं म्हणजे वाऱ्यावरून वास घेणं. माणसं किती आहेत, कुठे आहेत, हे तो हुंगतो. कान ताठ पसरून थांबणं म्हणजे तुम्ही फार जवळ आलात हे सांगणं. आणि पाय झुलवणं हा नाच नव्हे. पुढे जावं की मागे फिरावं हे त्याचं ठरत नसतं तेव्हा तो पाय झुलवतो. अशा वेळी त्याला वेळ द्यायचा आणि मागची वाट मोकळी ठेवायची. तिनं हेही कबूल केलं की सगळं तिलाही कळत नाही. प्रत्येक हत्तीचा स्वभाव वेगळा, तीही चुकलेली आहे आणि एकदा झाडावर अर्धा दिवस बसलेली आहे. आकाराम हसला, पण त्या दिवशी त्यानं कुणाला आशीर्वाद वाटले नाहीत.

अण्णाप्पांशी मात्र तिचं वाजलं. जंगलातल्या प्राण्याला हातानं खाऊ घालू नका, असं ती म्हणाली. अण्णाप्पांनी तिला रस दिला, गूळ दिला आणि वडिलांची रीत सांगितली. चोराला आम्ही गूळ दिला, भांडून गेलेल्या भावाला दिला, मग देवाला का देऊ नये? स्वप्नालीनं रस पिऊन तांब्या खाली ठेवला.

"काका, तुम्ही त्याचं पोट भरताय असं तुमाला वाटतंय," ती म्हणाली. "तुम्ही त्याची भीती काढून घेताय. मानसाची भीती गेली की हत्ती एक दिवस कुनाला तरी मारतो. मग त्याला बांधून गाडीत घालून नेत्यात, आनि पायात साखळी पडती ती मरूस्तवर. ते बगवंल का तुमाला?"

अण्णाप्पांनी तिचा तांब्या पुन्हा रसानं भरला. संध्याकाळी माझ्यात काकवी होतीच.

मला तिचं बोलणं तेव्हा रुचलं नव्हतं. मला वाटलं, माझं कौतुक हिला बघवत नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते. पूर्वी तो यायच्या आधी ती खोल गुणगुण यायची. डोंगरावरून तो कुणाला तरी साद घालत असायचा. स्वप्नालीनं सांगितलं होतं की हत्ती अशा आवाजात कोसांवरच्या हत्तींशी बोलतात. तर ती गुणगुण आता कमी कमी होत बंद पडली. तो न बोलता सरळ माझ्याकडे येऊ लागला. आधी धुक्यात यायचा, मग ऊन वर आल्यावर येऊ लागला. एकदा गूळ ठेवायच्या कोठीचा पत्रा त्यानं कपाळानं आत ढकलला. तरीही लोक हात जोडत होते.

आणि मग ती संध्याकाळ आली. सूर्य डोंगराला टेकला होता. माझ्यात पूर्ण आधण चढलं होतं, रस दाटत आला होता, बुडबुडे लहान होत होते. चुलवाणाला जाळ घालणारा गडी तापानं पडला होता, म्हणून शांतव्वा स्वतः खड्ड्यात उतरून चिपाडं ढकलत होत्या. आकाराम माझ्या काठाशी फावडं घेऊन उभा. अण्णाप्पा कोठीत गूळ लावत होते. आणि मी थरथरले नाही. काहीच कळलं नाही. आकारामनं मान वर केली तेव्हा तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता.

कोण कुठे होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला चित्र दिसेल. त्याच्या मागे ओढ्याची वाट आणि डोंगर. त्याच्या पुढ्यात मी, रटरट उकळणारी. माझ्यापलीकडे खड्डा आणि खड्ड्यात शांतव्वा. खड्ड्याच्या पायऱ्या माझ्या कडेनं येऊन नेमक्या हत्तीच्या पुढच्या पायाशी निघत होत्या, त्यामुळे त्यांना वर यायला वाट नव्हती. खड्ड्यापलीकडे कोठीचं दार. आणि रस्त्यावरून जाणारी पंधरा-वीस माणसं मोबाईल वर धरून ओढ्याच्या वाटेवर येऊन उभी राहिली होती, म्हणजे त्याच्या बरोब्बर पाठीशी.

त्यानं सोंड माझ्याकडे लांबवली. मित्रांनो, मी घाबरले. आजवर तो आला तेव्हा मी गार होते. मी गोड आहे एवढंच त्याला माहीत होतं. मी जाळते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती सोंड म्हणजे त्याचं नाक, त्याचा हात, त्याचा पाण्याचा तांब्या. ती भाजली तर तो उपाशी मरेल. आणि मरायच्या आधी वेदनेनं वेडा होऊन समोरचा खड्डा पायाखाली घेईल. ज्या हातानं मला इतक्या मायेनं तपासलं तो हात मी पोळणार होते, आणि ज्या बाईनं मला रोज हळदकुंकू लावलं ती माझ्यामुळे मरणार होती. मला मागे सरकता येत नव्हतं. मला ओरडता येत नव्हतं. मी फक्त उकळत राहिले.

सोंडेचं टोक वाफेत आलं आणि थांबलं.

ते बोट वाफेत थोडं उघडलं, मिटलं, बाजूला झालं, पुन्हा आलं. त्यानं माझ्या काठाचा अंदाज लांबूनच घेतला. कुणी न शिकवता त्याला कळलं की आज ही रोजची गार काहील नाही. एवढा भुकेला, एवढा जवळ आणि एवढा मोठा जीव, तरी त्यानं घाई केली नाही. मी जन्मभर गुळव्यांची पारख बघितली होती. अशी पारख मी कुणाची बघितली नाही. मग त्याचा पुढचा पाय उचलला गेला आणि झुलू लागला, पायऱ्यांच्या अगदी वर.

आकारामचं तोंड पांढरं पडलं होतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, त्याचं ठरंना झालंय. कुनी हलू नगा."

पण अण्णाप्पा तोवर कोठीतून बाहेर आले होते आणि त्यांच्या हातात गुळाचा मोठा गोळा होता. त्यांचा हात सवयीनं पुढे झाला होता. हत्तीची सोंड त्या वासाकडे वळली. आता त्याला फक्त मला वळसा घालून, खड्ड्यावरून पलीकडे जायचं होतं.

खड्ड्यातून शांतव्वांचा आवाज आला. त्या ओरडल्या नाहीत. नेहमी सांगतात तसंच त्यांनी सांगितलं. "अवो, आज देऊ नगा. मी हितं खाली हाय."

मित्रांनो, अण्णाप्पांचा चेहरा मी त्या वेळी बघितला. आयुष्यात कुणाला नाही न म्हटलेला तो माणूस होता. मग त्यांनी तो गोळा पाठीमागे कोठीत टाकला, दार ओढून घेतलं आणि दोन्ही रिकामे तळवे पुढे केले. त्यांचा तो आडदांड आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "पावण्या," ते म्हणाले, "आज काय न्हाय. जा बाबा."

सोंड त्या रिकाम्या तळव्यांकडे वळून हवेत कितीतरी वेळ थांबली. मग आकारामनं मागच्या गर्दीला हातानं खुणा केल्या, वाट सोडा, वाट सोडा. गर्दी हलेना, सगळे शूटिंगमध्ये गुंग. तेव्हा हत्तीनंच ते काम केलं. तो गर्रकन वळला, कान सुपासारखे पसरले, डोकं उंच केलं, आणि एक चीत्कार टाकून गर्दीवर चार ढांगा धावला. आणि थबकला. नुसती धमकी होती. पण मोबाईलवाले असे पळाले की ओढ्याच्या वाटेवर नुसत्या चपला उरल्या. वाट मोकळी झाली. त्यानं पायानं माती उकरली, सोंडेनं अंगावर उडवली, एकदा मागे बघितलं आणि ओढ्यानं वर निघून गेला.

शांतव्वांना वर काढायला आकाराम आणि अण्णाप्पा दोघेही धावले. मग सगळ्यांना एकदमच वास आला. माझ्यातलं आधण करपलं होतं. आकारामच्या हातून पहिल्यांदा. गूळ जळून माझ्या तळाला कोळसा झाला होता. तो फावडं टेकून बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला.

हत्ती का गेला, यावर गावात अजून एकमत नाही. आकाराम म्हणतो, करपल्या वासानं गेला. स्वप्नाली म्हणते, रिकामे हात बघून गेला. शांतव्वा म्हणतात, त्याचं त्यालाच ठरवायचं होतं, त्याला तेवढा वेळ मिळाला. मला विचाराल तर मला ठाऊक नाही, आणि मी सर्वांत जवळ होते.

त्यानंतर अण्णाप्पांनी गुऱ्हाळ गावाच्या खालच्या अंगाला, डोंगरापासून लांब नेलं. तिकडे नवी काहील घेतली. तिकडे पाहुण्यांची रीत चालू आहे, दोन पायांच्या पाहुण्यांची. माझा तळ जळला होता, म्हणून मी इथेच राहिले. पण तशी टाकून दिली नाही हो मला. शांतव्वांनी मला वाळूनं आणि राखेनं घासलं, पुन्हा घासलं, ओढ्याच्या पाण्यानं धुतलं, नाक लावून हुंगलं, आणि पुन्हा घासलं. गोडाचा कणही राहू दिला नाही. मग माणसं लावून मला जांभळीखाली उपडी केलं, माझ्या पाठीवर शेवटचं हळदकुंकू लावलं आणि त्या गेल्या.

तो परत आला. येणारच होता. सकाळची वेळ होती. अण्णाप्पा आणि शांतव्वा लांबच्या बांधावरून बघत होते. त्यानं माझ्या पाठीवरून सोंड फिरवली, काठाखाली बोट घालून बघितलं, मला थोडं हलवलं. मी पोकळ वाजले. तो फार वेळ उभा राहिला. बांधावर अण्णाप्पा टॉवेल तोंडावर धरून रडत होते, आणि शांतव्वांनी त्यांचा दंड घट्ट धरला होता. मलाही फार वाईट वाटलं. मी आजवर कुणाला रिकामं पाठवलं नव्हतं. शेवटी तो गेला. नंतरही काही वेळा आला, दर वेळी थोडा कमी थांबला. पुढे पुढे तो ओढ्यानं जाताना माझ्याकडे वळेनासा झाला, आणि गावात दिवसाउजेडी दिसेनासा झाला.

आता या थंडीतली गोष्ट सांगून संपवते. धुकं होतं. मी उपडी, पोटाखाली थंडगार पोकळी. आणि मी थरथरले. कितीतरी दिवसांनी ती खोल गुणगुण आली होती. तो ओढ्यापलीकडे उभा राहून पुन्हा साद घालत होता. त्याला मी दिसत होते, पण जांभळीखालच्या दगडांत आणि माझ्यात त्याला काही फरक वाटत नव्हता. त्यानं साद घातली आणि थांबला. मग फार लांबून, डोंगरांच्या पलीकडून, माझ्या एकेका रिव्हेटात दुसरी गुणगुण आली. वेगळी, बारीक, कुणा दुसऱ्या हत्तीची. त्याला उत्तर मिळालं होतं. त्याचे कान हळूच हलले, तो वळला आणि त्या दिशेनं चालू लागला. एक काडी मोडली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे मागणं मागतात की आम्हाला घासा, पुसा, वापरात घ्या. माझं मागणं उलटं आहे. कधी या बाजूला आलात आणि माझी दया आली, तरी मला सरळ करू नका. माझ्याजवळ खाऊ ठेवू नका. तो दिसला तर लांब उभे राहा, त्याची वाट सोडा आणि हात रिकामे ठेवा. त्याला बोलवणारं कुणीतरी तिकडे आहे. मी ऐकलं आहे.